अमेरिकन लोकशाहीतील अभिजनसत्ता आणि सामान्य नागरिक

संपत्ती, शिक्षण, वंश किंवा पद यांच्या बळावर राज्यकारभाराच्या निर्णयांवर पकड ठेवणारे अल्पसंख्य गट आणि त्या निर्णयांत आपला वाटा मागणारे बहुसंख्य नागरिक यांच्यातील दीर्घ संघर्ष हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या राजकीय इतिहासाचे एक प्रमुख सूत्र होय. १७८७ सालच्या राज्यघटनेपासून हा संघर्ष मताधिकार, कर्ज व चलन, सिनेटची निवडणूक, कामगारांचे हक्क, वंशभेद आणि निवडणुकीतील पैसा अशा वेगवेगळ्या प्रश्नांच्या रूपाने पुढे येत राहिला आहे.

हा संघर्ष सरळ दोन तटांत विभागलेला नाही. 'सामान्य नागरिक' या शब्दाने कोणाचा बोध होतो, हाच अनेकदा वादाचा विषय होता. गोऱ्या शेतकऱ्याला मिळालेला हक्क कृष्णवर्णीय शेतमजुराला नाकारला गेला, पुरुषांना मिळालेला मताधिकार स्त्रियांपर्यंत पोहोचण्यास आणखी बराच काळ लागला, आणि मूळ रहिवाशांना तर जनतेच्या नावाने चालणाऱ्या सरकारनेच त्यांच्या भूमीतून हुसकावले. शिवाय जनतेच्या बाजूने बोलणारे अनेक नेते स्वतः अभिजन वर्गातलेच होते.

संज्ञा

राज्यशास्त्रात 'अभिजन' हा शब्द केवळ कुलीन किंवा सुसंस्कृत या अर्थाने वापरला जात नाही. ज्यांच्या हाती निर्णयाची प्रत्यक्ष सूत्रे असतात असा लहान गट, असा त्याचा शास्त्रीय अर्थ आहे. अमेरिकेत राजघराणे वा वंशपरंपरागत सरदारवर्ग नव्हता आणि राज्यघटनेने उमरावपदे देण्यास स्पष्ट मनाई केली आहे. त्यामुळे तेथील अभिजनांचे स्वरूप काळानुसार बदलत गेले. प्रारंभी मळेमालक व व्यापारी, पुढे रेल्वे, पोलाद व तेल यांचे कारखानदार, त्यांच्यामागे बँका, आणि अलीकडे वित्तसंस्था व तंत्रज्ञान कंपन्यांचे मालक, असा हा क्रम सांगता येईल.

राज्यघटनेची निर्मिती

स्वातंत्र्ययुद्ध संपल्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागातील शेतकरी कर्ज आणि करांच्या ओझ्याखाली सापडले होते. युद्धात लढलेल्या सैनिकांना पगारापोटी कागदी रोखे मिळाले होते. गरजेपोटी त्यांनी ते पडत्या भावाने विकले आणि ते सट्टेबाजांच्या हाती गेले. राज्य सरकारने या रोख्यांची फेड चांगल्या दराने करण्याचे ठरवले व त्यासाठीचा कर नाण्यांत भरण्याची सक्ती केली. म्हणजे ज्याने आपला रोखा मातीमोलाने विकला, त्यानेच कर भरून तो दुसऱ्यासाठी सोडवायचा, अशी ही व्यवस्था होती. ऑगस्ट १७८६ मध्ये शेतकऱ्यांनी नॉर्थॅम्प्टन येथील न्यायालयाचे कामकाज बंद पाडले. न्यायालय बसले नाही तर जप्तीचे हुकूमही निघणार नाहीत, हा त्यामागचा साधा हिशेब होता. माजी सैनिक डॅनियल शेज याचे नाव या उठावाला मिळाले. उठाव मोडण्यासाठी उभारलेल्या सैन्याचा खर्च प्रामुख्याने बॉस्टनच्या धनिक व्यापाऱ्यांनी उचलला. जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील शस्त्रागारावर चालून गेलेल्या शेतकऱ्यांवर तोफा डागण्यात आल्या आणि उठाव लवकरच विरला. परंतु त्याच वर्षीच्या निवडणुकीत राज्याचा गव्हर्नर जेम्स बोडन पराभूत झाला आणि नव्या विधिमंडळाने कर्जदारांना काही सवलती दिल्या. बंदुकीने जे साधले नाही, त्यातील काही भाग मतपेटीने साधला, ही गोष्ट या उठावाच्या वर्णनात बहुधा सुटून जाते.

या घटनेने देशभरातील मालमत्ताधारक हादरले. २५ मे १७८७ रोजी फिलाडेल्फिया येथे घटना परिषदेचे काम सुरू झाले. परिषदेला ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले. त्यांत वकील, मळेमालक आणि व्यापारी यांचा भरणा होता. चर्चा बंद दाराआड झाली. १७ सप्टेंबर रोजी ३९ जणांनी मसुद्यावर सह्या केल्या. या मसुद्यानुसार जनतेने थेट निवडून द्यायचे सभागृह एकच होते, ते म्हणजे प्रतिनिधिगृह. सिनेटचे सदस्य राज्यांची विधिमंडळे निवडणार होती, राष्ट्राध्यक्षाची निवड निर्वाचक मंडळ करणार होते आणि न्यायाधीश तहहयात राहणार होते. गुलामांना मत नव्हते, मात्र प्रतिनिधींची संख्या ठरवताना दर पाच गुलामांमागे तीन माणसे धरली जात. त्यामुळे गुलामांच्या संख्येचा राजकीय लाभ त्यांच्या मालकांच्या राज्यांना मिळाला.

तथापि घटनाकारांना एकजात लोकशाहीविरोधी ठरवणे अन्यायाचे होईल. अलेक्झांडर हॅमिल्टनने राष्ट्राध्यक्ष व सिनेट-सदस्य तहहयात असावेत अशी सूचना मांडली होती. ती मान्य झाली नाही. मताधिकार केवळ जमीनमालकांपुरता ठेवण्याच्या सूचनेला बेंजामिन फ्रँकलिनने विरोध केला आणि तीही फेटाळली गेली. पदधारकांसाठी मालमत्तेची अट घातली गेली नाही. सदस्यांना वेतन देण्याची तरतूदही झाली. ती नसती तर गरिबाला निवडून येऊनही राजधानीत राहणे परवडले नसते.

मसुद्याच्या समर्थनार्थ जेम्स मॅडिसनने लिहिलेल्या लेखांपैकी दहावा लेख विशेष प्रसिद्ध आहे. समाजात गट पडण्याचे सर्वांत टिकाऊ कारण मालमत्तेची विषम वाटणी हे असून, विस्तीर्ण प्रजासत्ताकात असंख्य हितसंबंध एकमेकांना आवर घालतील व कोणत्याही एका बहुमताला जुलूम करणे कठीण जाईल, असा त्याचा युक्तिवाद होता. विरोधकांचा आक्षेप नेमका याच विस्ताराला होता. न्यूयॉर्कच्या मान्यता परिषदेत मेलँक्टन स्मिथने असे प्रतिपादन केले, की मतदारसंघ मोठे असले की नामवंत व श्रीमंतच निवडून येतील आणि मध्यम स्थितीतील शेतकऱ्याला प्रतिनिधिगृहात जागा उरणार नाही. निवडणुकीचा खर्च पाहता हा आक्षेप आजही जुना वाटत नाही. विरोधकांच्या दबावामुळेच १७९१ साली नागरिकांच्या मूलभूत हक्कांची सनद घटनेला जोडली गेली.

मताधिकाराचा विस्तार

मताधिकाराची पात्रता ठरवण्याचे काम घटनेने राज्यांवर सोपवले होते. बहुतेक राज्यांत आरंभी जमिनीची वा कराची अट होती. ती एकेका राज्यात गळून पडत १८५६ पर्यंत जवळजवळ नाहीशी झाली. ऱ्होड आयलंडमध्ये मात्र त्यासाठी १८४१-४२ साली टॉमस डॉर याच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार स्थापन होण्यापर्यंत वेळ आली. उलट दिशेचे उदाहरणही आहे. न्यू जर्सीत मालमत्ताधारक स्त्रियांना मत देता येत असे. १८०७ साली तो हक्क काढून घेण्यात आला.

१८२८ साली निवडून आलेला अँड्र्यू जॅक्सन हा सामान्यांचा राष्ट्राध्यक्ष म्हणून ओळखला जातो. १० जुलै १८३२ रोजी त्याने मध्यवर्ती बँकेच्या सनदेच्या नूतनीकरणाचे विधेयक नाकारले. सरकारी सत्तेचा उपयोग श्रीमंतांना अधिक श्रीमंत करण्यासाठी होऊ नये, हे त्याचे मुख्य प्रतिपादन होते. पण हाच जॅक्सन गुलामांचा मालक होता आणि १८३० सालच्या स्थलांतर कायद्यान्वये मूळ रहिवाशांच्या जमातींना मिसिसिपी नदीपलीकडे हाकलण्याचे धोरणही त्याचेच. याच काळात अमेरिकेत हिंडलेला फ्रेंच विचारवंत अलेक्सी द तोकव्हिल याने तेथील समतेचे कौतुक केले, परंतु कारखानदारीतून एक नवा उमराववर्ग जन्मास येऊ शकेल असा इशाराही दिला.

शेतकऱ्यांची चळवळ आणि लोकपक्ष

यादवी युद्धानंतरच्या तीन दशकांत तोकव्हिलचा इशारा खरा ठरू लागला. रेल्वेचे जाळे पसरले, पोलाद व तेलाचे उद्योग मोजक्या हातांत एकवटले. मार्क ट्वेन व चार्ल्स डडली वॉर्नर यांच्या १८७३ सालच्या कादंबरीवरून या काळाला 'मुलाम्याचे युग' असे नाव पडले.

याचा सर्वाधिक जाच शेतकऱ्यांना झाला. दक्षिणेत पीक-तारणाची पद्धत रूढ होती. शेतकरी दुकानदाराकडून बियाणे, खत, कापड व धान्य उधारीवर घेई आणि त्यासाठी उभे पीक तारण ठेवी. उधारीचा भाव रोखीच्या भावापेक्षा बराच चढा असे. हंगामाअखेर कापूस दुकानदाराच्या ताब्यात जाई, हिशेबही तोच करी आणि बाकी राहिलेली रक्कम पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढे. पश्चिमेकडील गहू पिकवणारा शेतकरी रेल्वेच्या भाड्याने आणि धान्यकोठारांच्या दरांनी नाडला जात होता. त्यात चलनाचा प्रश्न होता. सुवर्णमानामुळे चलनाचा पुरवठा आखूड राहिला, शेतमालाच्या किमती वर्षानुवर्षे घसरत गेल्या आणि जुने कर्ज फेडण्यासाठी दरवर्षी अधिक पोती विकावी लागू लागली. १८९४ साली कापसाचा भाव पौंडाला ५ सेंटांच्याही खाली गेला.

शेतकऱ्यांनी प्रथम राजकारणाकडे नव्हे, तर सहकाराकडे मोर्चा वळवला. १८७० च्या दशकात टेक्सासमधील लँपॅसस परगण्यात सुरू झालेली शेतकरी संघटना पुढील दशकात दक्षिणेत व पश्चिमेत पसरली. तिचे व्याख्याते गावोगाव फिरून रेल्वेभाडे, व्याज व चलन यांचे गणित समजावून सांगत. शाळेत फारसे न गेलेल्या माणसांना बँकव्यवहाराचे शिक्षण देणारी ही चळवळ होती, आणि तिचे हे अंग तिच्या निवडणुकीतील यशापयशापेक्षा कमी महत्त्वाचे नाही. सहकारी खरेदी-विक्रीला बँकांनी पतपुरवठा नाकारल्यावर संघटनेचे नेते चार्ल्स मॅक्यून यांनी अशी योजना मांडली, की सरकारने गोदामे बांधावीत आणि तेथे ठेवलेल्या पिकाच्या किमतीच्या ८०% पर्यंत कर्ज अल्प व्याजाने द्यावे. शेतकऱ्याला काढणीच्या वेळी पडेल भावाने माल विकावा लागू नये, हा तिचा उद्देश होता.

ही योजना दोन्ही जुन्या पक्षांनी धुडकावल्याने स्वतंत्र पक्षाची गरज भासली. ४ जुलै १८९२ रोजी नेब्रास्का राज्यातील ओमाहा येथे लोकपक्षाने आपला जाहीरनामा स्वीकारला. चढत्या दराचा प्राप्तिकर, रेल्वे व तारायंत्रांची सरकारी मालकी, टपाल खात्यामार्फत बचत बँक, चांदीचे मुक्त चलन, गुप्त मतदान आणि सिनेटची थेट निवडणूक या गोष्टींचा तेथे पुरस्कार झाला. त्या वर्षी पक्षाचे उमेदवार जेम्स वीव्हर यांना १० लाखांहून अधिक मते व निर्वाचक मंडळातील २२ मते मिळाली.

१८९६ साली डेमोक्रॅटिक पक्षाने चांदीच्या चलनाचा मुद्दा उचलला आणि विल्यम जेनिंग्ज ब्रायन यास उमेदवारी दिली. लोकपक्षानेही त्यालाच पाठिंबा दिला. ब्रायनने रेल्वेने सुमारे १८,००० मैल प्रवास करून सभा गाजवल्या. त्याचे प्रतिस्पर्धी विल्यम मॅकिन्ली मात्र ओहायोतील आपल्या घराच्या ओसरीवरून भेटीस येणाऱ्या जमावांशी बोलत राहिले. त्यांचे सूत्रधार मार्क हॅना यांनी बँका व कंपन्यांकडून पद्धतशीर वर्गणी गोळा करून सुमारे ३५ लाख डॉलरचा निधी उभा केला. अशा प्रमाणातील निवडणूक निधी तोवर कोणी पाहिला नव्हता. निर्वाचक मंडळात मॅकिन्ली यांना २७१ व ब्रायन यास १७६ मते पडली. शहरी कामगारांना महाग धान्य व स्वस्त चलन यांत आपला लाभ दिसला नाही, हेही पराभवाचे एक कारण होते; सारा दोष हॅना यांच्या पैशाला देता येत नाही. लोकपक्ष यानंतर सावरला नाही. त्याच्या अनेक मागण्या मात्र पुढील वीस वर्षांत कायद्यात उतरल्या. प्राप्तिकर (१९१३), टपाल बचत (१९१०) आणि सिनेटची थेट निवडणूक (१९१३) ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत.

दक्षिणेतील मताधिकारहरण

१८७० सालच्या पंधराव्या घटनादुरुस्तीने वंशाच्या कारणावरून मत नाकारण्यास बंदी केली होती. १८७७ साली केंद्राचे सैन्य दक्षिणेतील राज्यांच्या कारभारातून बाजूला झाल्यावर ती तरतूद हळूहळू कागदावरच उरली. १८९० च्या दशकात गरीब गोरे आणि कृष्णवर्णीय शेतकरी काही ठिकाणी एकत्र मतदान करू लागले, तेव्हा दक्षिणेतील सत्ताधारी वर्गाला खरा धोका जाणवला. जॉर्जियाचे लोकपक्षीय नेते टॉम वॉटसन यांनी आरंभी अशा एकजुटीचा उघड पुरस्कार केला होता. पुढे तेच कट्टर वंशद्वेष्टे बनले व १९२० साली सिनेटवर निवडून आले. चळवळीच्या या अंगाकडे तिचे प्रशंसक फारसे पाहत नाहीत.

नॉर्थ कॅरोलायनात लोकपक्ष व रिपब्लिकन पक्ष यांची युती सत्तेवर होती. १० नोव्हेंबर १८९८ रोजी विल्मिंग्टन शहरात शस्त्रधारी गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र चालवणारी इमारत जाळली, अनेक कृष्णवर्णीय नागरिकांना ठार केले आणि महापौर व नगरसेवकांना बळजबरीने राजीनामे द्यायला लावून नगरपालिकेचा ताबा घेतला. जमावाच्या अग्रभागी शहरातील प्रतिष्ठित मंडळी होती. निवडून आलेले सरकार अमेरिकेच्या भूमीवर हिंसेने उलथून टाकल्याचे हे उदाहरण दीर्घकाळ 'दंगल' या नावाखाली झाकले गेले. राज्याने नेमलेल्या आयोगाने २००६ साली त्याचा सविस्तर अहवाल दिला.

मिसिसिपीने १८९० साली घालून दिलेल्या नमुन्यावर इतर राज्यांनीही मतदानासाठी डोईपट्टी व साक्षरतेची परीक्षा लागू केली. लुइझियानात १८९६ साली १,३०,००० हून अधिक कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली ही संख्या सुमारे १,३४० वर आली. डोईपट्टीमुळे गरीब गोऱ्यांचेही मत गेले, आणि ते काही केवळ अनवधानाने घडले नाही.

सिनेटची थेट निवडणूक

विधिमंडळाकरवी होणारी सिनेटची निवडणूक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बदनाम झाली होती. काही शे आमदारांना वश करणे हे लाखो मतदारांना वश करण्यापेक्षा स्वस्त पडे. माँटाना राज्यातील तांब्याच्या खाणींचे मालक विल्यम क्लार्क १८९९ साली सिनेटवर निवडले गेले, ते आमदारांना पैसे चारून, असा आरोप झाला. सिनेटच्या समितीने त्यांची निवड रद्दबातल ठरवल्यावर मे १९०० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तेव्हा गव्हर्नर राज्याबाहेर असल्याची संधी साधून उपगव्हर्नरने त्याच रिकाम्या जागी त्यांचीच नेमणूक केली! गव्हर्नरने परतताच ती रद्द केली. पण १९०१ साली क्लार्क पुन्हा रीतसर निवडून आले व १९०७ पर्यंत सदस्य राहिले. डेलावेअरमध्ये आमदारांचे एकमत न झाल्याने १९०१ ते १९०३ या काळात त्या राज्याचा एकही सदस्य सिनेटमध्ये नव्हता.

प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीचा ठराव १८९३ पासून वारंवार संमत केला, परंतु ज्यांची आसने पणाला लागणार त्या सिनेटने तो अडवून धरला. नागरिकांनी यावर एक आडवाट शोधली. ऑरेगन राज्यात मतदार सिनेटसाठी आपली पसंती आधी नोंदवत आणि विधिमंडळाचे उमेदवार ती पसंती पाळण्याचे लेखी वचन देत. परिणामी १९०९ साली रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळाला डेमोक्रॅट जॉर्ज चेंबरलेन यांना निवडून द्यावे लागले. १९०६ साली डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांच्या लेखमालेने सिनेट-सदस्यांचे उद्योगपतींशी असलेले संबंध चव्हाट्यावर आणले. अखेर मे १९१२ मध्ये काँग्रेसने ठराव संमत केला आणि ८ एप्रिल १९१३ रोजी सतरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली.

याच काळात ऑरेगन, कॅलिफोर्निया आदी राज्यांनी जनोपक्रम (नागरिकांनी सह्या गोळा करून स्वतःच कायद्याचा प्रस्ताव मांडणे), सार्वमत आणि लोकप्रतिनिधी परत बोलावणे ही साधने स्वीकारली. कॅलिफोर्नियात त्यांचा रोख सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीच्या वर्चस्वावर होता. काळाचा फेरा असा, की २०२० साली त्याच राज्यात, त्याच साधनाचा उपयोग करून, वाहनसेवा व घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांनी २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केला आणि आपल्या चालकांना नोकरदाराचा दर्जा द्यावा लागू नये असा कायदा मतदारांकडून संमत करून घेतला.

कामगार आणि न्यू डील

१८९२ साली पेनसिल्व्हेनियातील होमस्टेड येथे कार्नेगी यांच्या पोलाद कारखान्यात टाळेबंदी झाली. कंपनीने बोलावलेल्या सुमारे ३०० खाजगी सशस्त्र रक्षकांशी कामगारांची रक्तरंजित चकमक उडाली. शेवटी राज्याचे सैन्य आले आणि संघटना मोडली. १८९४ च्या पुलमन संपात केंद्र सरकारनेच न्यायालयीन मनाईहुकूम मिळवून सैन्य पाठवले. संघटना करण्याच्या हक्काला कायद्याचे भक्कम संरक्षण मिळाले ते महामंदीनंतर, १९३५ सालच्या वॅग्नर कायद्याने. मात्र तो कायदा आणि त्याच वर्षीचा सामाजिक सुरक्षा कायदा यांतून शेतमजूर व घरकामगार वगळण्यात आले, आणि दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन व्यवसायांत होते.

मिसिसिपी स्वातंत्र्य लोकशाही पक्ष

फॅनी लू हेमर (१९१७–१९७७) या मिसिसिपीतील वाट्याने कापूस पिकवणाऱ्या कुटुंबातील वीस भावंडांपैकी सर्वांत धाकट्या. मतदानाचा हक्क आपल्याला आहे हे त्यांना कळले तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या इंडियानोला येथे नाव नोंदवण्यास गेल्या. तेथील अधिकाऱ्याने राज्यघटनेतील एका कलमाचा अर्थ लिहून देण्यास सांगितले व त्यांना अनुत्तीर्ण ठरवले. त्या घरी परतल्या तेव्हा अठरा वर्षे ज्या मळ्यावर काम केले तेथून निघून जाण्याचा हुकूम त्यांना मिळाला. जून १९६३ मध्ये विनोना गावच्या तुरुंगात त्यांना इतकी मारहाण झाली, की तिचे परिणाम त्यांना आयुष्यभर भोगावे लागले. १९६४ साली मिसिसिपीतील मतदानयोग्य कृष्णवर्णीयांपैकी केवळ ६.७% लोकांची नावे यादीत होती.

राज्याच्या डेमोक्रॅटिक पक्षात प्रवेश नसल्याने कार्यकर्त्यांनी सर्वांना खुला असा मिसिसिपी स्वातंत्र्य लोकशाही पक्ष स्थापन केला. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनात खरे प्रतिनिधी आपणच असल्याचा दावा त्याने केला. २२ ऑगस्ट रोजी हेमर यांची साक्ष दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित होत असताना राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अचानक पत्रकारांना बोलावले आणि कॅमेरे तिकडे वळले. पण वाहिन्यांनी ती साक्ष संध्याकाळी पुन्हा दाखवली आणि मूळ वेळेपेक्षा कितीतरी अधिक लोकांनी ती पाहिली. पक्षश्रेष्ठींनी तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या, त्याही कोणाला द्यायच्या हे स्वतःच ठरवून. कृष्णवर्णीय चळवळीतील काही ज्येष्ठ नेत्यांनीही ती स्वीकारण्याचा सल्ला दिला. मिसिसिपीहून आलेल्या शेतमजुरांनी, धोबिणींनी व शिक्षकांनी ती नाकारली. व्यवहारचातुर्य आणि स्वाभिमान यांपैकी कोण बरोबर, यावर आजही दोन मते आहेत. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने साक्षरता परीक्षा स्थगित करून केंद्रीय निरीक्षक पाठवल्यावर १९६७ पर्यंत मिसिसिपीतील नोंदणी सुमारे ६०% झाली.

पैसा आणि निवडणुका

कंपन्यांनी केंद्रीय निवडणुकीत थेट देणग्या देण्यास १९०७ च्या टिलमन कायद्याने बंदी घातली. वॉटरगेट प्रकरणानंतर १९७४ साली देणगी व खर्च या दोहोंवर मर्यादा आल्या. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने बकली विरुद्ध व्हॅलिओ या खटल्यात देणगीची मर्यादा मान्य केली, परंतु खर्चाची मर्यादा भाषणस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. २१ जानेवारी २०१० रोजी सिटिझन्स युनायटेड खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असा निर्णय झाला, की कंपन्या व कामगार संघटना यांच्या स्वतंत्र निवडणूक खर्चावर बंदी घालता येणार नाही. त्यानंतर अमर्याद निधी उभारणाऱ्या स्वतंत्र समित्या उदयास आल्या. निर्णयाचे समर्थक म्हणतात, की कोणी बोलावे हे सरकारने ठरवणे हाच मोठा धोका आहे. विरोधकांच्या मते ज्याचा आवाज पैशाने वाढतो त्याच्यापुढे इतरांचे बोलणे ऐकूच येत नाही.

क्लार्क प्रकरणाचा शेवट येथेच लागतो. त्या अनुभवाने पोळलेल्या माँटानाच्या मतदारांनी १९१२ साली जनोपक्रमाद्वारे कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी घालणारा कायदा केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो २०११ साली उचलून धरला. केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने जून २०१२ मध्ये, सुनावणी न घेताच, तो निकाल फिरवला.

प्रतिनिधित्वाची विषमता

निर्वाचक मंडळामुळे १८२४, १८७६, १८८८, २००० व २०१६ या वर्षी देशभरात अधिक मते मिळवणारा उमेदवार राष्ट्राध्यक्ष झाला नाही. २०१६ साली हा फरक सुमारे २८.७ लाख मतांचा होता. २०२० च्या जनगणनेनुसार वायोमिंगची लोकसंख्या सुमारे ५.७७ लाख व कॅलिफोर्नियाची ३.९५ कोटी असून सिनेटमध्ये दोघांचे सदस्य प्रत्येकी दोनच आहेत. यात लाभ लहान राज्यांचा होतो. तो अभिजनांचाच होतो असे म्हणता येत नाही, म्हणून हा प्रश्न वेगळा ठेवणे इष्ट.

२००८ च्या आर्थिक अरिष्टात काँग्रेसने वित्तसंस्था सावरण्यासाठी ७०० अब्ज डॉलरपर्यंतच्या तरतुदीस मान्यता दिली, तर असंख्य कुटुंबांची घरे जप्तीत गेली. त्यातून उजवीकडे टी पार्टी आणि डावीकडे १७ सप्टेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेले ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलन उभे राहिले. अभिजनांविरुद्धची भाषा तेव्हापासून दोन्ही बाजू वापरतात. मात्र अभिजन कोणाला म्हणायचे, यावर त्यांचे एकमत नाही. एकाला बँकमालक दिसतो, तर दुसऱ्याला नोकरशहा, प्राध्यापक व संपादक.

अभ्यासकांतील वाद

चार्ल्स बिअर्ड यांनी १९१३ साली घटनाकारांच्या आर्थिक हितसंबंधांचा अभ्यास प्रसिद्ध करून खळबळ उडवली. फॉरेस्ट मॅकडॉनल्ड यांनी १९५८ साली त्याच पुराव्याची फेरतपासणी करून ती मांडणी टिकत नसल्याचे दाखवले. पण घटनेच्या उगमाविषयी प्रश्न विचारण्याची वाट बिअर्ड यांनीच पाडली. सी. राइट मिल्स यांनी १९५६ साली असे प्रतिपादन केले, की मोठ्या कंपन्या, सैन्य व शासन यांच्या शिखरावरील माणसे एकाच वर्तुळातील असून मोठे निर्णय तेच घेतात. रॉबर्ट डाल यांनी न्यू हेवन शहराच्या अभ्यासावरून (१९६१) याला उत्तर दिले: वेगवेगळ्या प्रश्नांवर वेगवेगळे गट प्रभावी ठरतात, एकच सत्ताकेंद्र नसते. त्यावर पीटर बॅक्रक व मॉर्टन बॅरॅट्झ यांचा प्रतिप्रश्न असा, की जो प्रश्न चर्चेलाच येऊ दिला जात नाही, त्यावरील सत्ता कशी मोजायची?

२०१४ साली मार्टिन गिलेन्स व बेंजामिन पेज यांनी १९८१ ते २००२ या काळातील १,७७९ धोरणविषयक प्रश्नांचे विश्लेषण केले. श्रीमंत व संघटित हितसंबंधी गटांची मते लक्षात घेतल्यावर सरासरी नागरिकाच्या पसंतीचा धोरणावर स्वतंत्र परिणाम जवळजवळ आढळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. वृत्तपत्रांनी याचा अर्थ 'लोकशाही संपली' असा लावला. मूळ लेखात तसे म्हटलेले नाही. टीकाकारांनी दाखवून दिले, की बहुतेक प्रश्नांवर मध्यमवर्ग व श्रीमंत यांची मते सारखीच असतात आणि मतभेदाच्या प्रसंगी मध्यमवर्गाची सरशीही वारंवार होते.

मराठी विचारविश्वाशी संबंध

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या वेळी पंधरावी घटनादुरुस्ती होऊन तीनच वर्षे झाली होती आणि दक्षिणेत कृष्णवर्णीय प्रतिनिधी निवडून येत होते. पुढचे मताधिकारहरण अद्याप घडायचे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, म्हणजे सतरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली त्याच वर्षी ते तेथे पोहोचले. तेथील त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा पुढे पत्रकार वॉल्टर लिपमन यांच्याशी गाजलेला वैचारिक वाद झाला. गुंतागुंतीच्या समाजात सामान्य मतदार जाणकार असूच शकत नाही, तेव्हा कारभार तज्ज्ञांवर सोपवावा, असा लिपमन यांच्या मांडणीचा कल होता. ड्यूई यांनी १९२७ सालच्या ग्रंथात जोडा कोठे चावतो हे पायात घालणाऱ्यालाच ठाऊक असते, तो दुरुस्त करणारा चर्मकार कितीही निष्णात असो, या आशयाचे उत्तर दिले. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून सहजीवनाची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार आंबेडकरांच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' (१९३६) या निबंधात आणि घटना समितीतील भाषणांत ठळकपणे दिसतो. जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने आंबेडकरांना सन्माननीय पदवी दिली. ड्यूई यांचे त्याच महिन्याच्या १ तारखेस, समारंभापूर्वी चार दिवस, न्यूयॉर्क येथे निधन झाले होते.